दप्तरात सापडलेल्या बायका



अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात बर्कशायर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपल्याकडचा जिल्हा समजा. या काउंटीतल्या ग्रेट बॅरिंग्टन गावी १७८१ च्या ऑगस्ट महिन्यात दिवाणी कोर्ट भरलं होतं आणि कोर्टापुढे एक दावा होता, ब्रॉम आणि बेट विरुद्ध ॲशली. ॲशली म्हणजे कर्नल जॉन ॲशली, शेजारच्या शेफील्ड गावचा बडा जमीनदार. वर्षानुवर्षं तो स्वतः त्याच कोर्टात न्यायाधीश म्हणून बसलेला. ब्रॉम आणि बेट हे त्याच्या घरातले गुलाम. ब्रॉम पुरुष, बेट बाई. दोघांना आडनाव नाही, बेटला लिहिता-वाचता येत नाही. आणि या दोघांनी मालकावर दावा लावला होता, की आम्ही तुमचे नाही.

बेटच्या मालकिणीबद्दल एक हकिगत सांगतात. स्वयंपाकघरात रागाच्या भरात मालकिणीनं तापलेलं लोखंडी फावडं दुसऱ्या एका मुलीवर उगारलं. बेट मधे पडली आणि तो घाव तिनं हातावर घेतला. तो व्रण ती जन्मभर झाकून न ठेवता लोकांना दिसू देत असे. पुढे ती थिओडोर सेजविक नावाच्या वकिलाकडे गेली. मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना १७८० साली नुकतीच झाली होती आणि तिच्या पहिल्याच कलमात म्हटलं होतं की सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. मग मी त्यात का नाही, हा तिचा प्रश्न.

फावड्याची ही गोष्ट आपल्याला वकिलाच्या मुलीनं, कॅथरीन सेजविकनं, सत्तरेक वर्षांनी लिहिलेल्या लेखातून कळते. जिव्हाळ्यानं लिहिलेली आठवण आहे ती, पण आठवणच. दाव्याची तारीख, पक्षकारांची नावं, ज्यूरीनं दिलेला निकाल, मालकानं द्यायची ३० शिलिंग नुकसानभरपाई आणि वर कोर्टाचा खर्च, हे मात्र काउंटी कोर्टाच्या वहीत आहे. ॲशलीनं वरच्या कोर्टात अपील केलं आणि नंतर काढून घेतलं, तेही वहीतच आहे. वकिलांनी वापरलेला मार्गसुद्धा कागदावरून कळतो. आपली गाय किंवा गाडी दुसऱ्यानं बेकायदा ठेवून घेतली तर ती सोडवण्यासाठी जो अर्ज करतात, तोच त्यांनी या दोन जिवंत माणसांसाठी केला. माणूस म्हणून सुटायचं, तर कागदावर आधी वस्तू व्हावं लागलं. वाचताना मला कसंसंच झालं.

निकालानंतर बेटनं एलिझाबेथ फ्रीमन असं नाव घेतलं. पगार घेऊन सेजविकांच्या घरी काम केलं, सुईणपण केलं, स्टॉकब्रिजला स्वतःचं घर घेतलं आणि १८२९ साली ती वारली. मरण्याआधी मृत्युपत्र केलं, त्यावर सहीच्या जागी फुली आहे. ते मृत्युपत्रही काउंटीच्याच दप्तरात.

आता ज्या विषयासाठी लिहायला बसले त्याकडे येते. अशी जुनी दप्तरं शोधायची कशी, मिळवायची कशी, आणि त्यात बायका कुठे सापडतात. आपल्यातल्या कितीतरी जणींची मुलं-नातवंडं आज तिकडे आहेत. लग्नाचा दाखला, घराचं खरेदीखत, कुणा नातेवाइकाचं मृत्युपत्र अशा कारणांनी त्यांना काउंटीच्या कचेरीची पायरी चढावी लागतेच. पण मला या दप्तरांत रस वाटला तो निराळ्या कारणानं. मी कॉमर्सची पदवीधर. सासरी किराणा-भुसाराचं दुकान होतं, आणि सासरे रोज रात्री रोजमेळ लिहून झाल्याशिवाय पानावर बसत नसत. दिवाळीत आपण वहीपूजन करतो ते उगाच नव्हे, असं मला ही दप्तरं वाचताना फार वाटलं.

कोर्टाचं दप्तर दुकानाच्या हिशेबासारखंच असतं. आज कोर्टात काय काय झालं हे कारकून तारीखवार एका वहीत लिहितो, ती झाली रोजकीर्द. एकेका दाव्याचं पान वेगळं काढून त्यात अर्ज कधी आला, समन्स कधी निघालं, फी किती भरली हे टाकतात, ती खतावणी. आणि मूळ अर्ज, जबान्या, पावत्या हे सगळे कागद एकत्र बांधून ठेवतात, ती झाली व्हाउचर फाईल. शिवाय या सगळ्यावर किल्ली म्हणून नावांची सूची असते, एक वादीच्या नावानं आणि एक प्रतिवादीच्या. खातं न पाहता व्हाउचरच्या ढिगात हात घालणारा माणूस दिवसभर धूळ खात बसतो. इथेही तसंच आहे. आधी सूची, सूचीतून दाव्याचा नंबर, नंबरावरून खतावणीचं पान, आणि शेवटी कागदांचं बंडल. पुष्कळ लोक फक्त बंडल मागतात, त्याची नक्कल घेतात आणि निघतात. रोजकीर्द बघतच नाहीत. बंडलातला एखादा कागद गहाळ झालेला असला तरी त्या दिवशी काय हुकूम झाला ते रोजकीर्दीत शिल्लक असतं.

पण सूचीच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते. काउंटी कोणती आणि साल कोणतं. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत, आणि देशभराची अशी एक सूची नाही. केंद्र सरकारच्या कोर्टांचे कागद संगणकावर एका ठिकाणी शोधता येतात, पण काउंटीची कोर्टं राज्यांची, त्यांचा त्यात समावेश नाही. शिवाय वस्ती वाढली की मोठ्या काउंटीचे तुकडे पाडून नव्या काउंट्या करत. जुने कागद सहसा जुन्याच काउंटीत राहिले. म्हणजे पणजोबांनी घर कधी बदललं नसेल, तरी त्यांचे कागद दोन-तीन ठिकाणी असू शकतात. आपल्याकडे जिल्ह्याचं विभाजन झालं की लोकांची जशी धावाधाव होते, तशीच.

कोर्टाची नावं तर विचारूच नका. एका राज्यात ज्याला सर्किट कोर्ट म्हणतात त्याला दुसऱ्यात सुपीरियर कोर्ट म्हणतात, तिसऱ्यात कॉमन प्लीज. न्यूयॉर्क राज्यात 'सुप्रीम कोर्ट' हे खालचं कोर्ट आहे! मृत्युपत्रं आणि वारसा पाहणाऱ्या कोर्टाला न्यूयॉर्क नि न्यू जर्सीत सरोगेट कोर्ट म्हणतात, मेरीलँडमध्ये ऑर्फन्स कोर्ट म्हणजे अनाथांचं कोर्ट, आणि बऱ्याच राज्यांत प्रोबेट कोर्ट. म्हणून नावावर जाऊ नये. कारकुनाला विचारायचं, की अमुक साली या काउंटीत वारशाचे कागद कोण ठेवत होतं.

हे कागद मागायला आपण नातेवाईक असावं लागत नाही आणि कशाला हवेत हे बहुधा सांगावंही लागत नाही. सरकारी आणि न्यायालयीन कागद पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा लोकांना सर्वसाधारण हक्क आहे, असं तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९७८ साली एका निकालात स्पष्ट म्हटलं. सुप्रीम कोर्ट म्हणजे इथे खरंच सर्वांत वरचं. त्याच निकालात हेही म्हटलं की हा हक्क अमर्याद नाही. दत्तकाचे कागद, अल्पवयीन मुलांचे खटले, न्यायाधीशांनी मोहोरबंद केलेले कागद सहसा दाखवत नाहीत.

पत्र लिहायचं झालं तर थोडक्यात लिहावं. पूर्ण नाव, त्या नावाची जी जी स्पेलिंगं होऊ शकतील ती सगळी, साधारण सालं, आणि दाव्याचा प्रकार. घराण्याचा इतिहास लिहून पाठवू नये, कारकुनाला तो वाचायला वेळ नसतो. शोधण्याची फी वेगळी, पानागणिक नकलेची वेगळी, आणि सही-शिक्क्याची नक्कल हवी असेल तर तिची आणखी वेगळी. नुसतं वाचायचं असेल तर साधी झेरॉक्स पुरते. सरकारदरबारी दाखवायचं असेल तरच शिक्क्याचा खर्च करावा. फार जुने कागद पुष्कळदा कोर्टात नसतातच, ते राज्याच्या पुराभिलेखागारात गेलेले असतात. युटातल्या मॉर्मन पंथाच्या वंशावळी संस्थेनं १९३८ पासून काउंटीकाउंटीत जाऊन अशा वह्यांची मायक्रोफिल्म केली, आणि त्यातलं बरंच आज फॅमिलीसर्च या त्यांच्या संकेतस्थळावर पैसे न देता पाहता येतं. दुपारची आवराआवर झाली की चष्मा लावून मी तिथे बसते. अक्षर लागायला सुरुवातीला फार त्रास होतो, आपल्या मोडी वाचणाऱ्यांना होत असेल तसाच, पण एकाच कारकुनाची दहा-बारा पानं वाचली की हात ओळखीचा होतो.

आता बायकांचं. सूचीत बाई शोधायला गेलं की बहुतेक वेळा ती मिळत नाही. विवाहित स्त्रीला इंग्लंडकडून आलेल्या जुन्या कायद्यात स्वतंत्र अस्तित्वच नव्हतं. तिची मालमत्ता नवऱ्याची, करार नवऱ्याचा, दावा लावायचा तर नवऱ्याबरोबर. १८३९ मध्ये मिसिसिपीनं आणि १८४८ मध्ये न्यूयॉर्कनं कायदे करून विवाहितेच्या मालमत्तेला थोडं संरक्षण दिलं आणि मग एकेक राज्य बदलत गेलं. त्याआधीच्या सूचीत नवऱ्याचं नाव असतं आणि त्यापुढे दोन लॅटिन शब्द, 'एट उक्स'. अर्थ, 'आणि बायको'. बस्स. नाव नाही. मला आधी वाटलं कुणाचं आडनाव असेल, इतक्या ठिकाणी ते येतं. म्हणून बाई शोधायची तर तिचा बाप, भाऊ, नवरा यांच्या नावानं शोधायची आणि सूचीवर न थांबता मूळ पानावर जायचं. आत तिचं नाव असतं.

आणि तिथे कधीकधी फार चांगलं काही सापडतं. नवऱ्याच्या जमिनीत विधवेला तिच्या हयातीपुरता एक तृतीयांश वाटा असे. त्यामुळे नवऱ्यानं जमीन विकली तरी बायकोनं आपला हक्क सोडला नाही तर घेणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार. मग तिची सही घेत. पण नवरा शेजारी उभा असताना घेतलेली सही खरी कशी मानायची? म्हणून अनेक राज्यांत, विशेषतः दक्षिणेकडे, अधिकारी तिला नवऱ्यापासून वेगळं घेऊन विचारत असे, की तू हे राजीखुशीनं करतेस ना, कुणाचं भय किंवा जबरदस्ती नाही ना, आणि तसं विचारल्याचं खरेदीखताखाली लिहून ठेवत. किती जणी त्या खोलीत खरं बोलल्या असतील देव जाणे. संध्याकाळी त्याच घरी परत जायचं होतं. पण तो प्रश्न विचारण्याची रीत होती आणि त्याचा कागद राहिला.

वारशाच्या फायलीत माणूस गेल्यावर केलेली घरातल्या वस्तूंची यादी असते. मला सर्वांत जास्त वेळ लागतो तो तिथेच. किती पातेली, किती चमचे, दूध घुसळायचं भांडं, चरखा, गाद्या, तडा गेलेलं ताट आणि त्याची किंमत. एखाद्या बाईचं स्वयंपाकघर दोनशे वर्षांनी डोळ्यांपुढे उभं राहतं. पण दक्षिणेकडच्या यादीत गाय, वासरू, नांगर असं वाचत यावं आणि पुढच्या ओळीत एखादी बाई आणि तिचं मूल यावं, पुढे किंमत लिहून. तेच अक्षर, तीच शाई, तोच रकाना. बेरीज पण बरोबर केलेली. हिशेब बिनचूक असणं म्हणजे हिशेब खरा असणं नव्हे, हे कॉमर्सच्या वर्गात आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

सेंट लुइसची गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि तीच मला सांगायची होती. मिसूरी राज्यातलं हे शहर मिसिसिपी नदीच्या काठी आहे आणि नदीपलीकडे इलिनॉय. मिसूरीत गुलामगिरी होती, पलीकडे कायद्यानं बंदी. मालक आपल्या गुलामांना घेऊन पलीकडे जात, काही काळ राहत आणि परत येत. १८२४ साली मिसूरीच्या वरच्या कोर्टानं विनी नावाच्या बाईच्या दाव्यात ठरवलं की मुक्त प्रदेशात वस्तीला नेलेला गुलाम मुक्त झाला, आणि परत आणल्यानं पुन्हा गुलाम होत नाही. राज्याचा कायदाही असा होता की गुलामगिरीत ठेवलेल्या माणसानं अर्ज केला तर कोर्ट त्याला गरीब पक्षकार म्हणून वकील देई, आणि दावा चालू असताना त्याला राज्याबाहेर न्यायचं नाही, अर्ज केला म्हणून मारायचं नाही असा हुकूम देई.

हे दावे झाले हे अभ्यासकांना ठाऊक होतं. पण किती झाले याचा अंदाज नव्हता, कारण सगळे कागद सेंट लुइस सर्किट कोर्टाच्या इतर हजारो दिवाणी दाव्यांत, उधारी-उसनवारीच्या फायलींत मिसळून पडले होते. तीन घड्या घालून बांधलेली बंडलं, त्यांवर कोळशाची काजळी. मिसूरीच्या पुराभिलेखागारानं १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती एकेक सोडवायला घेतली. विद्यार्थी बसवले, कागद पुसले, सपाट केले, सूची केली. १८१४ ते १८६० या काळातले तीनशेहून अधिक स्वातंत्र्याचे दावे त्यातून निघाले. आता ते कुणालाही घरबसल्या पाहता येतात.

त्यात पॉलीचा दावा आहे. ही कपडे धुऊन आणि शिवून पोट भरणारी बाई. तिनं १८३९ मध्ये दावा लावला आणि १८४३ मध्ये जिंकला. दरम्यान तिची मुलगी लूसी दुसऱ्या घरी कामाला होती, बारा-तेरा वर्षांची. कपडे नीट धुता येत नाहीत म्हणून मालकीण तिच्यावर भडकली आणि तिला नदीखाली दक्षिणेत विकायची गोष्ट निघाली. लूसी आईकडे पळाली. पॉलीनं १८४२ मध्ये मुलीच्या वतीनं वेगळा दावा लावला. मुद्दा एकच होता. मूल आईच्या मागे जातं, असा गुलामगिरीचा कायदा. मालकांना सोयीचा म्हणून केलेला, म्हणजे गुलाम बाईचं मूल बाप कुणीही असो गुलामच. पॉली म्हणाली, ठीक आहे. मग लूसी जन्मली तेव्हा मी कायद्यानं मुक्त होते, तर माझी मुलगीही मुक्त.

दावा चालला तेवढा काळ, सतरा महिने, लूसीला तुरुंगात ठेवलं होतं. गुन्हा काही नाही, फक्त वादातली 'मालमत्ता' पळून जाऊ नये म्हणून. वकील एडवर्ड बेट्स, जो पुढे लिंकनच्या सरकारात ॲटर्नी जनरल झाला. फेब्रुवारी १८४४ मध्ये लूसी सुटली.

लूसीनं म्हातारपणी, १८९१ च्या सुमारास, आपली हकिगत छापली. बरीच वर्षं लोकांकडे तेवढंच होतं. मग फायली निघाल्या आणि ताडून पाहता आलं. दावे, तुरुंग, वकील, निकाल, सगळं जुळलं. एक गोष्ट मात्र जुळली नाही. लूसी लिहिते की आई इलिनॉयमध्ये जन्मतःच मुक्त होती आणि तिला पळवून आणून विकलं. फाईलमधल्या जबान्यांनुसार पॉली केंटकीत गुलामच होती, मालकानं तिला काही काळ इलिनॉयमध्ये नेऊन ठेवलं होतं, आणि तिचा हक्क उभा राहिला तो त्या मुक्कामावर. काही जण म्हणतात लूसीनं रंगवून लिहिलं. मला तसं वाटत नाही. आई लेकीला जे सांगते ते लेक सांगते. लहान मुलीला झोपवताना कोणती आई सांगेल की मी मालकाच्या सामानाबरोबर नदी ओलांडली होती? कोर्टात जे सिद्ध होईल ते तिनं कोर्टात सांगितलं, आणि घरात मुलीला ताठ मानेनं जगायला जे लागेल ते घरात. दोन्ही जपून ठेवावेत.

शोधणाऱ्यासाठी मात्र यात एक धडा आहे. पॉली कागदोपत्री पॉली क्रॉकेट आहे, पॉली बेरी आहे आणि पॉली वॉशही. लूसीचं पुस्तक डिलेनी या नावानं आहे, ते दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव. दाव्यात ती लूसी ॲन ब्रिटन. डिलेनी नावानं सूची चाळली असती तर ती कधीच मिळाली नसती. आपल्याकडे माहेरचं नाव, सासरचं नाव, लग्नात बदललेलं पहिलं नाव असा जो घोळ आहे तो आठवा!

याच कोर्टात ६ एप्रिल १८४६ रोजी ड्रेड स्कॉटनं अर्ज दिला. तो खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १८५७ मध्ये हरला, आणि यादवी युद्धाकडे जाणाऱ्या वाटेवरचा तो मोठा टप्पा मानतात. शाळेच्या पुस्तकात ड्रेडचं नाव असतं. फायलींत पाहिलं तर त्याच दिवशी त्याची बायको हॅरिएट हिचा स्वतःचा, वेगळा अर्ज आहे. दोघांच्याही अर्जावर फुल्या. त्यांना दोन मुली होत्या, आणि मूल आईच्या मागे जातं हा नियम पाहता मुलींच्या दृष्टीनं हॅरिएटचाच दावा महत्त्वाचा होता. पण १८५० मध्ये असं ठरलं की वेगळे दोन कशाला, ड्रेडचा जो निकाल लागेल तोच हॅरिएटला लागू. तिचा दावा त्याच्या दाव्यात गेला आणि तिचं नावही.

सगळंच असं सापडत नाही. शिकागोच्या १८७१ च्या आगीत कुक काउंटीचं कोर्ट दप्तरासकट जळालं. यादवी युद्धात व्हर्जिनियाच्या काही काउंट्यांनी कागद सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला नेऊन ठेवले, आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये रिचमंडच जळालं. इलिनॉयमध्ये वेगळीच तऱ्हा. लिंकन तरुणपणी तिथे काउंटी-काउंटी फिरून वकिली करत असे. त्याचे कागद गोळा करणारा प्रकल्प १९८५ मध्ये सुरू झाला, माणसं कोर्टाकोर्टांतून वर्षानुवर्षं बंडलं सोडत बसली आणि २००० साली शहाण्णव हजारांवर कागद प्रसिद्ध झाले. त्यांतल्या काही अर्जांना खाली भोकं आहेत, कारण हौशी लोकांनी लिंकनची सही तेवढी कापून नेली. सहीमागच्या बाजूला कुणाची जबानी होती याची त्यांना काय पडलेली!

आपल्या देशाचा धागाही या दप्तरांत आहे, तो सांगून थांबते. कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत शंभर वर्षांपूर्वी पंजाबातून गेलेले शेतकरी कापूस पिकवत होते. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानातून बायका नेण्याची वाट बंद झाली. त्यांनी तिथल्या मेक्सिकन मुलींशी लग्नं केली. कॅरन लिओनार्ड या प्राध्यापक बाईंनी काउंटीच्या कचेऱ्यांत बसून लग्नाचे परवाने, जमिनीचे करार, कोर्टाचे दावे तपासले आणि अशा ३७८ जोडप्यांचा माग काढला. त्यातल्या बहुतेक बायका मेक्सिकन. त्यांचं पुस्तक १९९२ मध्ये आलं. त्या राज्यात गोऱ्यांचं इतर वर्णांशी लग्न कायद्यानं बाद होतं, त्यामुळे परवान्यावर दोघांचा वर्ण लिहावा लागे. पंजाबी माणूस कोणत्या वर्णाचा आणि मेक्सिकन मुलगी कोणत्या, हे खिडकीमागच्या कारकुनानं ठरवायचं. कित्येक परवान्यांवर त्यांनी दोघांपुढेही एकच शब्द लिहिला आहे, 'तपकिरी'. कायद्यात हा वर्ण नव्हताच, पण लग्न लागलं.

१९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारलं आणि परकीयांच्या जमिनीचा कायदा त्यांनाही लागू झाला. मग काहींनी तिथेच जन्मलेल्या मुलांच्या नावावर जमीन केली, आणि मूल अज्ञान म्हणून बाप कोर्टात जाऊन त्याच्या इस्टेटीचा पालक झाला. पालक म्हटला की त्याला हिशेब आलाच. पाळण्यातल्या मुलाच्या नावावर किती एकर, भाडं किती आलं, बियाणाला किती गेलं, हे आज त्या फायलींत वाचायला मिळतं.